लहान मुलांना सायन्स सेंटरला नेताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

रविवारी दुपारी साडेबाराला दारात पोचायचं, आणि ‘तिकीट काढलंच आहे तर सगळं बघून घेऊ’ म्हणत एका दालनातून दुसऱ्या दालनात पळायचं. वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला लहान मुलांना नेणारी बहुतेक कुटुंबं हेच करतात. मुलं शंभर बटणं दाबतात, एकाही बटणानं काय झालं ते बघत नाहीत आणि अडीच वाजता कडेवर रडत बाहेर येतात. यात मुलांची चूक नाही. हाताळून बघायची वस्तू काचेतल्या मूर्तीसारखी चालता चालता बघता येत नाही. तिला पाच-दहा मिनिटं द्यावीच लागतात. म्हणून एका खेपेला आठ ते दहा प्रयोग आणि एकूण अडीच ते तीन तास, एवढंच ठरवून निघा. पुढचा क्रम तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

## टप्पा १: दिवस आणि वेळ ठरवा

सर्वांत चांगला काळ म्हणजे जूनचा उत्तरार्ध ते जुलै, कामाच्या वाराची सकाळ. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, सहली निघालेल्या नसतात. शाळा बुडवायची नसेल तर शनिवारची सकाळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा शाळांच्या सहलींचा हंगाम. या दिवसांत कामाच्या वारी अकराच्या सुमारास बसच्या बस रिकाम्या होतात आणि एकेका बटणाभोवती पंधरा-वीस मुलांचा घोळका जमतो. तीन वर्षांचं मूल त्यात टिकत नाही. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी शक्यतो टाळाच.

उघडण्याच्या वेळेला दारात असणं ही सगळ्या बेतातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पहिल्या दीड तासात जेवढं बघून होतं, तेवढं नंतरच्या तीन तासांत होत नाही.

एप्रिल, मे आणि ऑक्टोबरमध्ये अकरानंतर बाहेरच्या बागेत उभं राहवत नाही. त्या दिवसांत दुपारी साडेतीनला आत शिरा आणि बाग पावणेपाचनंतर ठेवा. मात्र हा बेत रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशीच करा, कारण कामाच्या दिवशी परतताना संध्याकाळच्या गर्दीत सापडाल.

तपासा: रविवारी जाणार असाल तर शनिवारी रात्री मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा. पावसाळ्यात मुसळधार पावसाचा इशारा असेल तर बेत सरळ पुढे ढकला. तिकिटांचे दर आणि शोच्या वेळा बदलत असतात, त्या आदल्या दिवशी केंद्राच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

## टप्पा २: आदल्या दिवशी घरी अर्धा तास

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि फरक पडतो तो याच टप्प्यानं. मुलानं घरी एखादी गोष्ट छोटी करून पाहिलेली असली की तीच तिथे मोठी दिसल्यावर ते आपणहून थांबतं. तीन गोष्टी पुरतात.

डाव. स्वयंपाकघरातला चकचकीत स्टीलचा डाव घ्या. आतल्या खोलगट बाजूत बघितलं की चेहरा उलटा दिसतो, बाहेरच्या फुगीर बाजूत सुलटा आणि लहान. मुलाला आधी विचारा, ‘कुठल्या बाजूला तू उलटा होशील?’ मग दाखवा. केंद्रातले मोठे वक्र आरसे याच डावाचे भाऊ आहेत.

किल्ली आणि दोरा. दोऱ्याला किल्ली बांधून दाराच्या कडीला लटकवा. कडीपासून किल्लीच्या मध्यापर्यंत २५ सेंटीमीटर अंतर ठेवा. किल्ली थोडी बाजूला नेऊन सोडा आणि दहा झोके मोजा. जाऊन परत आली की एक झोका. साधारण दहा सेकंद लागतील. आता दोन किल्ल्या एकत्र बांधा, पण लांबी तीच ठेवा. पुन्हा दहाच सेकंद. मग दोरा एक मीटर करा. दहा झोक्यांना सुमारे वीस सेकंद लागतील. लांबी चौपट, वेळ दुप्पट. पाच वर्षांच्या मुलाला हा हिशोब सांगू नका, ‘लांब दोरा हळू’ एवढं त्याला दिसलं की झालं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे किल्ली फार लांब नेऊन सोडणं. मग ती गोल गोल फिरते आणि मोजणी बिघडते. हाताच्या पंज्याएवढं अंतर भरपूर झालं.

कागदाची पट्टी. वहीच्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी खालच्या ओठाशी धरा आणि वरच्या बाजूनं जोरात फुंकर मारा. लोंबणारी पट्टी वर उचलली जाते. बहुतेक मुलांना ती खाली दबेल असंच वाटतं.

तीन-चार वर्षांच्या मुलाला नुसता डाव पुरे.

## टप्पा ३: पिशवी आणि कपडे

प्रत्येक मुलामागे अर्धा लिटर पाणी. डब्यात कोरडं, सांडणार नाही असं: पोळीचा गुंडाळा, खाकरा, शेंगदाण्याची चिक्की. वडे आणि वेफर नकोत. तेलकट हात काचांवर आणि बटणांवर उमटतात आणि पुढच्या मुलाला त्याच चिकट बटणाला हात लावावा लागतो. ओला रुमाल, जास्तीची चड्डी, पावसाळ्यात भिजलेले रेनकोट ठेवायला मोठी प्लास्टिकची पिशवी.

पायात मागून बंद असलेले सँडल किंवा बूट घाला. चपला घसरगुंडीवर निसटतात. मुलाला भडक, एकरंगी टी-शर्ट घाला, गर्दीत तो लांबून ओळखू येतो. खिशात फक्त मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी. मुलाचं नाव छातीवर मोठ्या अक्षरात लावू नका, नावानं हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

सावध: फिरणारी चाकं, पट्टे आणि कप्प्या यांच्याजवळ ओढणी, स्कार्फ, मोकळे लांब केस, गळ्यातला दोरा नको. मोठ्यांनीही ओढणी बांधून घ्यावी, कारण वाकून मुलाला दाखवताना अडकते ती त्यांचीच.

सावध: बरोबरच्या आजी-आजोबांना पेसमेकर असेल तर त्यांनी मोठ्या चुंबकांपासून आणि केस उभे करणाऱ्या स्थिर विजेच्या यंत्रापासून लांब थांबावं. मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेनं बसवलेलं साधन) असेल तर तेही या यंत्राजवळ जाऊ देऊ नका, आणि बागेतल्या प्लास्टिकच्या घसरगुंडीआधी त्याचं बाहेरचं यंत्र काढून ठेवा. लुकलुकत्या दिव्यांनी फीट येण्याचा त्रास असेल तर तसले प्रयोग वगळा.

## टप्पा ४: बरोबर जागी पोचा

वरळीत ‘नेहरू’ नावाच्या दोन जागा आहेत आणि दर सुट्टीत कितीतरी कुटुंबं चुकीच्या दारात उतरतात. सायन्स सेंटर डॉ. ई. मोझेस रोडवर आहे. तारांगण, म्हणजे प्लॅनेटोरियम, नेहरू सेंटरच्या आवारात डॉ. ॲनी बेझंट रोडवर आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘नेहरू सेंटर’ सांगितलंत तर तो तारांगणाला नेईल. रस्त्याचं नाव सांगा. तारांगण सोमवारी बंद असतं, सायन्स सेंटर सोमवारीही उघडं असतं. दोन्ही एका दिवसात करू नका. अंधाऱ्या घुमटाखाली दमलेलं मूल पाचव्या मिनिटाला झोपतं, नाहीतर घाबरतं.

लोकलनं महालक्ष्मी स्थानक जवळचं. इथे फास्ट गाडी थांबत नाही. बोरिवली-विरारकडून फास्टनं आलात तर दादरला स्लो पकडा. मध्य रेल्वेवाल्यांनीही दादरलाच बदललेलं बरं. स्थानकापासून लहान मुलांना चालवत नेण्यापेक्षा टॅक्सी करा, त्यांचे पाय आत लागणार आहेत. मेट्रो ३ चं ‘सायन्स सेंटर’ हे स्थानक झाल्यापासून अंधेरी, बीकेसी किंवा सीएसएमटीकडून येणाऱ्यांचं काम सोपं झालं आहे. भूमिगत स्थानकातून वर यायला मुलांबरोबर दहा मिनिटं धरून चाला.

## टप्पा ५: दारातली पहिली दहा मिनिटं

1. तिकीट काढतानाच थ्रीडी आणि ‘सायन्स ऑन अ स्फिअर’ या शोच्या वेळा विचारून घ्या. त्यांची तिकिटं प्रवेशाहून वेगळी असतात. पाच वर्षांखालच्या मुलासाठी थ्रीडीचे पैसे घालवू नका. चष्मा नाकावरून घसरतो, अंधार असतो आणि वस्तू अंगावर आल्यासारखी वाटते. स्फिअरवर मोठ्या गोलावर पृथ्वी आणि ग्रह दिसतात, ते लहानांनाही झेपतं.
2. आत शिरण्याआधी सगळ्यांना बाथरूमला नेऊन आणा. ‘मला नाही लागली’ हे उत्तर चालणार नाही.
3. आज घातलेल्या कपड्यांत मुलाचा एक फोटो काढून ठेवा. मूल हरवलं तर कपड्यांचं वर्णन आठवत बसावं लागत नाही.
4. भेटायची जागा बोट दाखवून ठरवा आणि गणवेशातला माणूस कसा दिसतो ते दाखवा. ‘आई दिसली नाही तर हलायचं नाही, या काकांना सांगायचं.’
5. माणसं वाटून घ्या. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, त्यावरच्या दोन मुलांमागे एक. ‘सगळे मिळून लक्ष ठेवू’ म्हटलं की कुणाचंच लक्ष राहत नाही.

तपासा: बाहेरची बाग मुलांना दिसली का? दिसणारच. आत्ता तिकडे वळू नका. एकदा मूल झोक्यावर बसलं की आतली दालनं विसरा. बाग शेवटी आहे हे मुलाला दारातच सांगून टाका.

## टप्पा ६: प्रयोगापाशी कसं थांबायचं

प्रत्येक प्रयोगापाशी हाच क्रम ठेवा.

पहिली दोन मिनिटं मोठ्यांनी तोंड बंद ठेवायचं. मुलाला दाबू, फिरवू, ओढू द्या. तेवढ्या वेळात पाटी तुम्ही वाचा. ती तुमच्यासाठी आहे, मोठ्यानं वाचून दाखवण्यासाठी नाही. मग एकच प्रश्न: ‘तू काय केलंस आणि काय झालं?’ उत्तर आलं की पुढचा प्रश्न बटण दाबण्याआधी: ‘आता काय होईल?’ मुलाचा अंदाज चुकला तर दुरुस्त करू नका, करून बघा म्हणा. शेवटी एकच गोष्ट बदला. जड वजनाऐवजी हलकं, जोराऐवजी हळू. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कुणालाच कळत नाही.

तीन-चार वर्षांचं मूल ‘हे केलं की ते होतं’ इथपर्यंतच येतं, आणि ते पुरेसं आहे. आधी अंदाज सांगणं पुढे हळूहळू जमू लागतं. ‘का?’ या प्रश्नाला तुम्हाला उत्तर येत नसेल तर ‘मलाही ठाऊक नाही, आपण बघू’ म्हणा. ओढूनताणून दिलेलं चुकीचं कारण मूल वर्षानुवर्षं जपून ठेवतं.

दालनं अदलबदल होतात आणि काही मॉडेल्स दुरुस्तीला बंद असतात, म्हणून ठरावीक दालन नव्हे, प्रयोगांचे प्रकार लक्षात ठेवा. पुढचे दिसले की हमखास थांबा.

कुजबुजीच्या तबकड्या. समोरासमोर, लांब अंतरावर दोन मोठ्या खोलगट तबकड्या. दहातली नऊ मुलं इथे चुकतात, कारण ती समोरच्या माणसाकडे तोंड करून ओरडतात. पाठ समोरच्याकडे आणि तोंड आपल्या तबकडीकडे हवं. तबकडीसमोर एक ठरावीक बिंदू असतो, बहुधा कडं लावून दाखवलेला. तोंड किंवा कान तिथेच आला पाहिजे. तिथून निघालेला आवाज तबकडीवर आपटून सरळ रेषेत पलीकडे जातो आणि पलीकडची तबकडी तो पुन्हा एका बिंदूवर गोळा करते. मूल बुटकं असतं, त्याचं तोंड कड्याच्या हातभर खाली राहतं. त्याला कडेवर घ्या, कान कड्याशी आणा आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला अगदी हळू बोलायला सांगा: ‘डब्यात चिक्की आहे.’ ओरडू मात्र देऊ नका. ओरडलेलं तसंही हवेतून ऐकू येतं, मग तबकडीनं काय केलं ते कळतच नाही.

रंगीत सावल्या. लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एका पांढऱ्या भिंतीवर. तिन्ही मिळून भिंत पांढरी दिसते. मूल मध्ये उभं राहिलं की तीन सावल्या पडतात, आणि एकही काळी नसते. लाल दिवा अडला तिथे मोरपंखी, हिरवा अडला तिथे राणी रंग, निळा अडला तिथे पिवळी. इथे पुढे पळायची घाई करू नका. मुलाला एक बोट भिंतीजवळ नेऊन मग हळूहळू दिव्यांकडे आणायला सांगा. भिंतीशी सावल्या एकमेकींवर चढतात आणि मधोमध काळी पट्टी दिसते, लांब नेलं की तिन्ही सुट्या होतात. मागे उभं राहून मोबाइलचा फ्लॅश मारू नका, सगळे रंग धुऊन निघतात.

मोठे वक्र आरसे. काल डावात पाहिलेलं आठवतं का, एवढंच विचारा. खोलगट आरशात लांबून उलटी प्रतिमा दिसते. मुलाचा हात धरून एकेक पाऊल पुढे जा. एका जागी प्रतिमा फुटून धुरकट होते आणि त्याच्या पुढे गेलं की चेहरा सुलटा आणि भला मोठा. ती धुरकट जागा मुलाला स्वतः शोधू द्या. मूल धावत आलं तर ती हुकते.

हवेत तरंगणारा चेंडू. चेंडू झेलून फेकणं ही इथली नेहमीची चूक. मुलाचा तळवा आधी हवेच्या झोतात धरा, जोर कळू द्या, मग चेंडू हळूच सोडा. नळी तिरपी करता येत असेल तर सावकाश करा. चेंडू तिरपा होऊनही पडत नाही. झोत चेंडूला बिलगून वळतो आणि चेंडूला परत मध्ये ढकलतो.

फिरती खुर्ची. बसताना पाय जमिनीवरून वर, हात पसरलेले. मोठ्या माणसानं हळूच एक गिरकी द्यायची, मग मुलानं हात छातीशी घ्यायचे. वेग वाढतो. जास्तीत जास्त तीन-चार फेऱ्या, मग बसवूनच ठेवा, उठवू नका. डबा खाल्ल्यावर ही खुर्ची नको.

कप्प्यांचे दोर दिसले तर मुलाला आधी एका कप्पीवर, मग दोन कप्प्यांवर तेच वजन ओढायला लावा. दोन कप्प्यांवर ताकद निम्मी लागते, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. हा दुसरा भाग मोठे सांगत नाहीत आणि मुलांना आवडतो तोच. दोर हातातून एकदम सोडू देऊ नका, तळहात सोलवटतो.

बरीच मॉडेल्स बटण दाबल्यावर ठरावीक वेळ चालून आपोआप थांबतात. पुन्हा पुन्हा दाबून ती जोरात चालत नाहीत, फक्त बटण मोडतं. ‘एकदा दाबायचं, मग हात मागे’ हा नियम दारातच ठरवून टाका. मागे रांग असेल तर प्रत्येकाला तीन वेळा. भावंडांचं भांडणही या मोजणीनं थांबतं.

तपासा: दर ४०-४५ मिनिटांनी मुलाकडे बघा. बटण दाबून न बघताच पुढे जातंय, दारांना आणि माणसांना धडकतंय, सारखं पाणी मागतंय? ते दमलंय. एखादा प्रयोग फार भारी असला तरी आत्ता थांबा.

## टप्पा ७: डबा आणि अर्धा तास काहीच नाही

आत आल्यापासून तासाभरात डबा उघडा, भूक लागायची वाट बघू नका. दालनात नव्हे, खाण्याच्या जागी. हात आधी धुवा, कारण सकाळपासून शेकडो हात लागलेल्या वस्तू मुलानं चाचपल्या आहेत. खाताना काय काय शिकलं याची उजळणी घेऊ नका. शो बघायचा असेल तर तो डब्यानंतर ठेवा, बसायलाही मिळतं. आत जाताना पुन्हा बाथरूम.

उरलेले दोन-तीन प्रयोग यानंतर. त्यातला एक मुलानं निवडायचा, आणि सकाळचाच पुन्हा निवडला तर फार उत्तम. दुसऱ्या खेपेला ते तुम्हाला शिकवायला लागतं.

## टप्पा ८: बाहेरची बाग

झाडांच्या सावलीत ४० मिनिटं. घसरगुंडीवर सोडण्याआधी हाताची मागची बाजू पत्र्यावर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला धरवत नसेल तर मुलाच्या मांड्या भाजतील. पाऊस पडून गेला असेल तर फरशा आणि पायऱ्या निसरड्या असतात, पळापळ बंद.

सी-सॉ मिळाला तर त्याच्यावर वेळ घालवा. बाबा ६० किलोचे, मूल १५ किलोचं. मूल टोकाला, टेकूपासून दोन मीटरवर, तर बाबांनी टेकूपासून अर्ध्या मीटरवर बसायचं. फळी समतोल होते. बाबा टोकाला बसले तर मूल हवेत उडतं, म्हणून मोठ्यानं आधी मध्ये बसून हळूहळू मागे सरकावं आणि मुलाचे दोन्ही हात दांड्याला आहेत ना ते बघावं.

जुनं वाफेचं रेल्वे इंजिन आणि ट्रामचा डबा बघताना वर चढण्याची घाई मोडा. आधी इंजिनाच्या चाकांना जोडणारा लोखंडी दांडा दाखवा आणि विचारा, हा पुढे-मागे झाला तर चाक काय करेल? मुलाच्या कोपरात वाकलेल्या हाताला धरून तीच हालचाल करून दाखवा. कडा धारदार आणि उन्हात तापलेल्या असतात, हात लावण्याआधी तुम्ही लावून बघा.

कामाच्या दिवशी आला असाल तर साडेचारच्या आत महालक्ष्मी स्थानकात असा. पाचनंतर बोरिवलीकडच्या स्लो गाडीत मूल आणि पिशवी घेऊन चढणं धोक्याचं आहे. उशीर झालाच तर मेट्रो घ्या.

## टप्पा ९: त्या रात्री आणि पुढच्या आठवड्यात

‘काय शिकलास?’ विचारलं की ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी न आलेल्या आजीला किंवा शेजारच्या मावशींना एक प्रयोग करून दाखवायला सांगा. डाव हाताशी आहेच. सात-आठ वर्षांच्या मुलाला एक चित्र काढू द्या: मी काय केलं, काय झालं. बाणासकट.

दाराच्या कडीची किल्ली आणखी आठवडाभर तशीच लटकू द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी मूल आपणहून दोरा आखूड करून बघतं. तेव्हा घड्याळ हातात द्या आणि दहा झोके मोजायला लावा. पुढच्या खेपेला आधी कुठल्या दालनात जायचं ते त्यावरून ठरवा. ती खेप दोन-तीन महिन्यांनी ठेवा, आणि यादीत राहिलेले प्रयोग तेव्हा घ्या.